पाण्याची घनता: तापमानानुसार बदल व त्यावरील सोपी समीकरणे

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. ‘एक लिटर पाणी म्हणजे एक किलो’ हा हिशोब ४° से. तापमानाजवळच जवळजवळ तंतोतंत जुळतो. तेथे घनता ९९९.९७ किग्रॅ. प्रति घनमीटर, म्हणजे कमाल असते. ०° ला ती ९९९.८४, २५° ला ९९७.०५, तर ६०° ला ९८३.२ भरते. पुण्यात नळाचे पाणी थंडीतही ४° पेक्षा गरम असते, त्यामुळे येथे तापमान वाढले की घनता घटणारच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंच असल्याने उत्कलनबिंदू जवळपास २° ने उतरतो. घनतेत मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, कारण पाणी फारसे दाबले जात नाही.

बर्फाची घनता सुमारे ९१७ असते. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वस्तुमानाइतके पाणी बाजूला सारतो, म्हणून ०° च्या पाण्यात त्याचा बुडालेला भाग क्ष मानल्यास ९९९.८४ × क्ष = ९१७, म्हणून क्ष = ०.९१७.

गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरमध्ये गरम-थंड पाण्याच्या घनतेतील फरक रोज कामी येतो. पॅनेलमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. म्हणूनच टाकी पॅनेलच्या वर बसवतात. गरम पाइपला मध्येच खाली झोल दिला तर तेथे हवा अडकते आणि प्रवाह थांबतो.

टाकीत २५° चे २०० लिटर पाणी आहे. ते ६०° पर्यंत तापले तर किती जागा व्यापेल? वस्तुमान तेच राहते, म्हणून २०० × ९९७.०५ = क्ष × ९८३.२. यावरून क्ष ≈ २०२.८ लिटर. (उत्तर २०० पेक्षा कमी आले तर अपूर्णांक उलटा मांडला गेला आहे, हे लगेच ओळखावे. दोन्ही घनता एकाच एककात असल्याने येथे लिटरचे घनमीटर करावे लागत नाहीत.)

हे जास्तीचे २.८ लिटर कुठे जाणार, हा प्रश्न बसवतानाच सोडवावा लागतो. थंड पाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असेल तर त्यांना मागे वाट नसते. अशा वेळी व्हेंट पाइप (टाकीतून वर काढलेला, तोंड उघडे असलेला पाइप) हवाच, आणि त्याचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील पातळीच्या वर हवे. खाली राहिले तर पाणी सतत वाहत राहते. क्षार साचून व्हेंट बुजला, तर दाब वाढून आधी टाकीचे सांधे गळू लागतात.