डकवीड कापायचं कशाला, आधी नीट बघा तरी

तळ्यावर हिरवा थर दिसतो ना, तो बऱ्याचदा शेवाळ नसतोच, डकवीड असतं, म्हणजे फुलं येणारी अख्खी झाडं, फक्त काही मिलिमीटरची. मायक्रोस्कोपखाली बघायचं तर ब्लेडनं पातळ काप काढायचे असं वाटतं, पण एवढ्याशा झाडाच्या आत काय आहे ते बघायचं कसं, याची गोष्ट भिंगापेक्षा झाड भिंगासमोर ठेवायच्या पद्धतीची जास्त आहे असं मला वाटतं.

1702 च्या डिसेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुकनं (स्वतःच मायक्रोस्कोप बनवणारा) लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहिलं, त्यात डकवीडची मुळं आहेत. त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं एकच बारीक भिंग, पण आयडिया भारी होती, डकवीड पाण्यासकट काचेच्या नळीत घातलं आणि नळीच भिंगासमोर धरली, त्यामुळे झाड जिवंत राहिलं आणि मुळं चुरगळली नाहीत. झालं असं की मुळांना चिकटलेले घंटेसारखे जीव दिसले आणि लक्ष सगळं तिकडेच गेलं, झाड राहिलं बाजूला! 1774 मध्ये इटलीत कोर्तीनं काराच्या (हे खरं तर शैवाल) पेशींत फिरणारा रस पाहिला, तोही असाच, जिवंत झाडात.

नंतर श्लायडन, हेगेलमायर हे जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ आले, हेगेलमायरचा 1868 चा डकवीडवरचा ग्रंथ तर या कुळाच्या अभ्यासाचा पायाच. आणि आपल्याकडचं सांगायचं तर दिल्लीच्या सतीशचंद्र माहेश्वरींनी भ्रूण आणि बीजाची रचना तपासून 1958 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की स्पायरोडेला (डकवीडचाच एक प्रकार) हा अळूचं कूळ आणि डकवीड यांच्यातला दुवा आहे, पुढे डीएनएच्या अभ्यासातही डकवीड अळूच्याच कुळात बसलं.

हे नातं साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतं म्हणून मला जास्त आवडतं. अळूनं घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, तशाच सुया लेम्ना (हाही डकवीडचा प्रकार) आणि स्पायरोडेलात असतात. ताजं पान थेट ठेवलं तर आतल्या हवेमुळे काळपट दिसतं, म्हणून आधी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं, हवा जाते, हिरवा रंगही उतरतो, सुया तशाच राहतात. मग थेंबभर पाणी, वर कव्हरस्लिप, आणि पोलरॉइडचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) दोन तुकडे, एक स्लाइडखाली एक वर, वरचा फिरवत जायचं, मागचं सगळं काळं झालं की सुया चमकायला लागतात. ब्लेड लागतच नाही.