हिवताप : शरीरातील संसर्ग आणि परिणाम

प्लास्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा रोग. माणसाला मुख्यतः त्याच्या पाच जाती बाधतात : फाल्सिपेरम, व्हायव्हॅक्स, ओव्हेल, मलेरी आणि नोलेसी. सर्वाधिक मृत्यू फाल्सिपेरमचे.

अ‍ॅनोफेलिस डासाची मादी चावताना लाळेतून स्पोरोझॉइट (परजीवीची संसर्ग पोहोचवणारी अवस्था) त्वचेत सोडते. त्यांतले काही रक्तावाटे यकृतात पोहोचतात आणि साधारण आठवडाभर तिथे वाढतात. एकेका यकृतपेशीतून हजारो मेरोझॉइट (तांबड्या पेशींत शिरणारी परजीवीची पुढची अवस्था) तयार होतात, पण या काळात रोग्याला काहीच त्रास नसतो आणि रक्ततपासणीही कोरी येते.

पुढचा सारा आजार तांबड्या पेशींतला. परजीवी आत शिरून हिमोग्लोबिन पचवतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो (मलेरीत ७२, नोलेसीत २४ तास). फुटलेल्या पेशींतला मळ रक्तात मिसळला की प्रतिकारशक्ती खवळते : आधी हुडहुडी, मग कडक ताप, शेवटी दरदरून घाम. ‘एक दिवसाआड ताप’ हे लक्षण प्रसिद्ध असले तरी सुरुवातीला पेशी एकाच वेळी फुटत नाहीत, त्यामुळे ताप कसाही येतो. तापाच्या पाळीवर निदान सोपवू नये.

व्हायव्हॅक्स प्रामुख्याने कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्यामुळे रक्तातली परजीवींची संख्या मर्यादित राहते. फाल्सिपेरमला कोणत्याही वयाची पेशी चालते. शिवाय तो पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिने आणून बसवतो आणि ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटते. अशी पेशी प्लीहेच्या गाळणीतून सुटते, वर रक्तप्रवाह अडवते. मेंदूत हे घडले तर झटके व बेशुद्धी, गर्भवतीच्या वारेत घडले तर कमी वजनाचे मूल. वाढलेले परजीवी असे आत दडून बसल्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या रक्ताच्या काचपट्टीवर बहुधा कोवळ्या परजीवींची ‘वलये’च दिसतात. म्हणूनच परजीवी थोडे दिसले तरी रोगी गंभीर असू शकतो. पहिली पट्टी कोरी आली आणि संशय कायम असला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त तपासावे.

रक्तक्षयाला केवळ फुटलेल्या पेशी कारण नसतात : निरोगी पेशीही प्लीहेत नष्ट होतात आणि अस्थिमज्जेचे काम मंदावते. गंभीर आजारात रक्तातली साखर घसरते, विशेषतः मुलांत आणि गर्भवतींत. क्विनीन या हिवतापावरच्या औषधानेही ती उतरते, म्हणून बेशुद्ध रोग्याची साखर लगेच मोजावी.

व्हायव्हॅक्स व ओव्हेलचे सुप्त परजीवी यकृतात महिनोन्‌महिने पडून राहतात आणि नव्या डासदंशाविना ताप उलटतो. रक्तातले परजीवी मारणारी औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनसारखे औषध लागते. मात्र जी६पीडी विकराची कमतरता असल्यास या औषधानेच तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ती तपासणी आधी करावी. गर्भवतीला प्रायमाक्विन देत नाहीत.