अंगावर पित्त उठतं, रिपोर्ट मात्र कोरा

थंडी पडली की जळगाव-भुसावळकडे शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि 'वांग्याने अंगावर पित्त उठतं' हा मेसेजही फिरू लागतो. काहींना वांग्याची ॲलर्जी खरोखर असते. पण ज्याच्या अंगावर महिनोन्‌महिने, खाण्याशी काही ताळमेळ न लागता गांधी उठतात, त्याचे हाल हा मेसेज वाढवतो. 'काय खादं?' असं घरीदारी, पंगतीत जो तो विचारतो. मग वांगं बंद, शेंगदाणे बंद, उडदाची डाळ बंद, केळीसुद्धा बंद. यावलकडच्या ओळखीच्या एक ताई शेवटी भाकरी आणि मुगाच्या वरणावर आल्या. गांधी तरी रोज संध्याकाळी हजर. ॲलर्जीची चाचणी निगेटिव्ह आली, तेव्हा त्यांना 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगून परत पाठवलं गेलं.

सहा आठवड्यांच्या वर, बाहेरच्या कारणाशिवाय चालणारं हे दुखणं म्हणजे क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया. पुरुषांपेक्षा बायकांत ते साधारण दुप्पट आढळतं. जठरातल्या आम्लाशी त्याचा संबंध नाही.

सगळी गंमत त्वचेतल्या मास्ट पेशींत, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या एका जातीच्या पेशींत आहे. पॉल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. या पेशीच्या पोटात हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाने भरलेले शेकडो कण असतात आणि पृष्ठभागावर हजारो रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू अडकवणाऱ्या खाचा. प्रत्येक रिसेप्टरमध्ये आयजीई नावाचं प्रतिपिंड (एरवी परक्या पदार्थांना पकडायला शरीराने बनवलेलं प्रथिन) खोचता येतं. एकटं आयजीई काही करत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर शेंगदाण्यातलं प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं आणि दोन रिसेप्टर जोडले जातात. एका जुवाखाली दोन बैल आले की गाडी हलते, तसं. मग रिसेप्टरच्या पेशीतल्या टोकांना फॉस्फेट चिकटतात, सिक नावाचं विकर (एन्झाइम) तिथे येऊन बसतं, पेशीत कॅल्शियम चढतं आणि कण पेशीबाहेर रिते होतात. हिस्टामिनने बारीक रक्तवाहिन्या झिरपल्या की गांध उठते, मज्जातंतू चाळवले की खाज सुटते. हे सगळं काही मिनिटांत.

आता ताईंसारख्यांचं बघा. अशा अनेकांच्या रक्तात आयजीजी जातीची प्रतिपिंडं असतात, जी थेट त्या रिसेप्टरलाच किंवा त्यातल्या आयजीईला धरतात. प्रतिपिंडाला दोन हात असतात, म्हणजे जू शरीरानेच घडवलेलं! रिसेप्टरवर हल्ला करणारी ही प्रतिपिंडं १९९३ साली दाखवली गेली. काहींत थायरॉइडमधल्या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध आयजीई सापडतं. रुग्णाच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, काढून त्याच्याच त्वचेत टोचला, तर बऱ्याच जणांना तिथे गांध उठते. ॲलर्जीची नेहमीची चाचणी परागकण, धूळ, अन्न असे बाहेरचे पदार्थ तपासते. ती कोरी येणारच. त्यावरून आजार मनाचा ठरवणं हा रुग्णावर अन्याय आहे.

या हतबलतेवर धंदाही चालतो. शेदोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी हजारो रुपयांना विकतात. अन्नाविरुद्धचं आयजीजी सांगतं ते इतकंच, की तो पदार्थ तुमच्या पोटात गेलेला आहे. दृष्ट काढण्याचंही तेच. एकेक गांध बहुधा २४ तासांच्या आत आपोआप विरते, म्हणून रात्री ओवाळलेल्या मीठ-मिरच्यांना सकाळी श्रेय मिळतं. आमसुलाचं पाणी लावा, त्याने कुणाचं नुकसान नाही.

झोप न आणणारी अँटीहिस्टामिनची गोळी रोज घ्यावी लागते, गांध उठल्यावर नव्हे. हिस्टामिन पोचण्याआधी त्याची जागा अडवणं हेच तिचं काम. डॉक्टर गरजेनुसार डोस चौपटीपर्यंत नेतात. त्यानेही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. ते मोकळ्या आयजीईला पकडतं आणि काही आठवड्यांत मास्ट पेशीवरचे रिसेप्टरच कमी होतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींचा त्रास भडकतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

ओठ किंवा पापण्या सुजणं या आजारात होतं. श्वास अडकला, आवाज घोगरा झाला किंवा भोवळ आली, तर मात्र गोळीची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा, तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात.