सूर, रोख आणि मखलाशी : सीमाभागातल्या एका शब्दसंग्रहाची पार्श्वभूमी

सीमाभागात, म्हणजे महाराष्ट्र ज्यावर हक्क सांगतो त्या कर्नाटकातल्या बेळगावच्या पट्ट्यात, या एकाच गोष्टीला तीन नावे आहेत. मराठी अग्रलेखात ती बहुधा ‘सीमाप्रश्न’ असते, बातमीच्या मथळ्यात ‘सीमावाद’ होते आणि मोर्चाच्या पत्रकावर ‘सीमालढा’. प्रश्न म्हटले की उत्तर मिळणे बाकी आहे असे गृहीत धरले जाते. वाद म्हटले की दोन्ही बाजूंचे वजन सारखे मानले जाते. लढा म्हटले की एक बाजू न्यायाची असल्याचे आधीच ठरून गेलेले असते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण तो त्याला लहानपणापासून ऐकू येतो. मात्र या फरकाला काय म्हणायचे असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण ‘टोन’ म्हणून मोकळे होतात. शब्द सोयीचा आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण मराठीत याच कामासाठी अधिक बारीक शब्द आहेत आणि त्यांचा इतिहास एकापेक्षा अधिक वेळा बेळगावातून गेलेला आहे.

सुरुवात ‘सूर’ आणि ‘रोख’ या जोडीपासून करणे बरे. सूर संगीतातून आला आणि बोलणे कसे लागते आहे ते सांगू लागला: नाराजीचा सूर, समजुतीचा सूर, तक्रारीचा सूर. रोख फारसी ‘रुख’ म्हणजे चेहरा किंवा दिशा यावरून आला आणि बोलणे कोणाकडे वळले आहे ते सांगतो. एखाद्या निवेदनाचा सूर अत्यंत नम्र असूनही रोख धारदार असू शकतो, आणि सरकारी कचेरीत दिलेली बरीचशी निवेदने तशीच असतात. या दोन्ही गोष्टी ‘टोन’ या एकाच शब्दात कोंबल्या की नम्र निवेदनातला हल्ला दिसेनासा होतो.

शास्त्रात मागे गेले तर पटवून देण्याचा विचार अलंकारांच्या आधी वादविद्येत सापडतो. तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा हा वाद, जिंकण्यासाठी केलेली चर्चा हा जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची बाजू खोडत राहणे ही वितंडा. बोली मराठीत यांपैकी ‘वितंडवाद’ तेवढा टिकला, तोही ‘निरर्थक भांडण’ अशा ढिल्या अर्थाने. ‘जल्प’ हरवला याचे मला अधिक वाईट वाटते, कारण दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या चर्चांसाठी त्याच्याइतका नेमका शब्द शोधून सापडणार नाही. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे ‘अर्थवाद’ नावाची आणखी एक कल्पना होती. जे वाक्य स्वतः आज्ञा करीत नाही, पण आज्ञा केलेल्या कर्माची स्तुती करून किंवा निषिद्ध कर्माची निंदा करून माणसाला त्या दिशेने वळवते, ते अर्थवादाचे वाक्य. प्रचाराची इतकी थंड डोक्याने केलेली व्याख्या नंतरच्या मराठीत क्वचितच झाली असेल.

अलंकारशास्त्राचा प्रवास या मातीच्या जवळून जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढच्या शतकांत त्यांची संख्या वाढत गेली. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ लिहिला आणि त्यातच महाराष्ट्राच्या आश्रयाने असलेल्या भाषेला उत्कृष्ट प्राकृत म्हटले. त्याच ग्रंथाच्या आधाराने सुमारे ८५० मध्ये, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारात, ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ रचला गेला. हा ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो आणि शुद्ध कन्नड कुठे बोलली जाते हे सांगताना इतर गावांबरोबर ओक्कुंदचे नाव घेतो. हे ओक्कुंद आजच्या बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात आहे. कावेरी ते गोदावरी ही ओळ आज सभेत वाचली तर ती दावा म्हणून ऐकली जाते. ती ज्या शास्त्रग्रंथात आली, त्याचा पाया मात्र महाराष्ट्री प्राकृताची वाखाणणी करणाऱ्या दंडीने घातला होता. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना हे ठाऊक असते तर काही भाषणे तरी आखूड झाली असती.

याच परंपरेतला ‘काकु’ हा शब्द मराठी शिक्षणातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. काकु म्हणजे आवाजाचा असा हेलकावा की ज्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. आमच्याकडे बाजारात, शेतात, बसथांब्यावर ‘बरं हाय की’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते. ‘की’वर आवाज खाली टेकला तर ती संमती असते. ‘बरं’ लांबवले तर टोमणा होतो. आणि तेच वाक्य सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटले तर ऐकणाऱ्याने दोन पावले मागे सरावे, अशी ती ताकीद असते. कागदावर तिन्ही वेळा तीच अक्षरे उमटतात. छापील शब्दांतून सूर ओळखण्याची अडचण येथूनच सुरू होते, कारण लेखकाला आवाज नसतो आणि त्याला काकुचे काम शब्दांच्या निवडीकडून, क्रमाकडून आणि कधी नुसत्या अवतरणचिन्हाकडून करून घ्यावे लागते.

दुसरा मोठा साठा दप्तरातून आला. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात मायन्याला फार महत्त्व होते. ‘विज्ञापना’ लिहायची की ‘आज्ञा’, ‘राजश्री’ म्हणायचे की ‘श्रीमंत’, यावरून पत्राचा मजकूर सुरू होण्याआधीच दोघांमधले अंतर ठरत असे. कैफियत म्हणजे आपल्या बाजूची सविस्तर हकिकत. आज ‘कैफियत मांडणे’ म्हटले की त्यात थोडा गाऱ्हाण्याचा सूर आपोआप येतो. ‘मखलाशी’चे अवमूल्यन तर अधिकच बोलके आहे. अर्जावर किंवा यादीवर वरिष्ठाने लिहिलेला शेरा अशा सरळ कचेरीच्या अर्थाचा हा शब्द पुढे ‘चतुराईने केलेली सारवासारव’ या अर्थाला उतरला. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ याच्या नावावरून ‘मल्लिनाथी’ आली, आणि तीही आज नको तिथे केलेल्या शेरेबाजीलाच म्हणतात. शेरा मारणाऱ्याविषयी मराठी माणसाच्या मनात असलेला संशय या दोन शब्दांत साठून राहिलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्रित गद्य वाढले, तसा या शब्दांना नवा उपयोग मिळाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेने वक्तृत्वाची स्वतंत्र चर्चा केली आणि त्याहून अधिक म्हणजे उपरोधाची शस्त्रशाळाच उघडली. पण सूर कसा वाचायचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो न्यायालयात. १८९७ च्या टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कलम १२४-अ मधल्या ‘डिसअफेक्शन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. मराठी कायद्याच्या भाषेत त्यासाठी ‘अप्रीती’ हा शब्द रुळला. प्रेमाचा अभाव हाच गुन्हा ठरला तर लेखाचा मजकूर बाजूला पडतो आणि शिक्षा होते ती सुराला. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यात बराच वेळ एका मुद्द्याला दिला: केसरीतल्या मराठी शब्दांची सरकारी भाषांतरे मूळ शब्दांना नसलेला तिखटपणा आणतात.

या इतिहासात बेळगाव येते ते १९१६ मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिलअखेरीस मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली, टिळकांनी तेथेच होमरूल लीगची स्थापना केली आणि जहाल गटाने पुन्हा काँग्रेसमध्ये जाण्याचे ठरवले. जहाल आणि मवाळ हे दोन्ही मुळात स्वभावाचे आणि सुराचे शब्द, पण त्या काळात ते पक्षांची नावे होऊन बसले होते. मवाळ हे विशेषण ज्ञानेश्वरांनी चांगल्या बोलण्याचा गुण म्हणून वापरले होते. सहा शतकांनी तोच शब्द राजकीय हिणवणुकीचा झाला. परिषदेनंतर १ मे १९१६ रोजी टिळकांनी बेळगावात मराठीत भाषण केले. हे भाषण आणि नगरची दोन भाषणे यांवरून पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबरमध्ये हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते. न्यायमूर्ती बॅचलर यांनी घेतलेली भूमिका वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: सुटी वाक्ये उचलून न पाहता संपूर्ण भाषणाचा एकंदर परिणाम पाहावा. भाषण मराठीतले, निवाडा इंग्रजी भाषांतरावरचा, आणि तरीही वाचनाचा हा नियम एका बेळगावी भाषणाच्या निमित्ताने मांडला गेला. टिळकांनी भाषणात सरकार आणि नोकरशाही यांत जो फरक केला होता, तो एखादे वाक्य कापून वाचले की दिसत नाही.

कायद्याच्या या धाकानेच मराठीत आडवळणाची एक वेगळी शैली वाढवली. शिवराम महादेव परांजपे यांचे ‘काळ’ हे साप्ताहिक १८९८ मध्ये निघाले, आणि स्तुतीच्या आवरणाखाली निंदा करणारी व्याजस्तुती व वरकरणी भोळी वाटणारी वक्रोक्ती यांचा राजकीय लेखनात इतका सातत्याने वापर त्याआधी कोणी केला नव्हता. त्यांनाही १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झालीच. अर्थात उपरोध वाचकाला कळतो तेव्हा तो सरकारलाही कळतो. १९२९ मध्ये बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच परांजपे होते, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

बेळगावातले १९४६ चे संमेलन वेगळ्या सुराचे ठरले. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या या संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप मिळाले. त्यानंतरच्या दशकात पटवून देण्याची सगळी साधने एकाच कामाला लागली: आचार्य अत्र्यांची बेफाम अतिशयोक्ती, शाहिरांचे पोवाडे, आणि अण्णाभाऊ साठे यांची ती छक्कड, जिच्यात गावाकडे मागे राहिलेली मैना हे रूपक बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत जाऊन पोहोचते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून त्या तारखेला एकाच शहरात एका बाजूला ‘राज्योत्सव’ असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘काळा दिन’.

पुढची भाषा मैदानाची कमी आणि कागदाची अधिक आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सीमा ठरवण्याची चार तत्त्वे खानापूर तालुक्यातला शेतकरीही घडाघडा सांगतो. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्याने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. कर्नाटक या कागदाला ‘अंतिम’ म्हणते, महाराष्ट्र त्याला ‘शिफारस’ म्हणतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या बाहेर, चहाच्या टपरीवर, सगळा वाद या दोन शब्दांत उरकता येतो.

शब्द जितका थोडा, तितका तो अधिक युक्तिवाद वाहून नेतो, याचे उदाहरण येळ्ळूरला पाहायला मिळाले. गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. तीन शब्द, क्रियापद नाही, मागणी नाही, उद्गारचिन्ह नाही. व्याकरणाने पाहिले तर तो नुसता पत्ता होता. जे घडावेसे वाटते ते घडलेलेच आहे अशा सुरात सांगणे, यात त्याची सगळी ताकद होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०१४ मध्ये तो हटवला गेला आणि त्यावरून गावात लाठीमार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. ‘कर्नाटकव्याप्त’ या शब्दाची रीत मात्र उलट आहे. त्यामागे ‘पाकव्याप्त’ हा शब्द उभा आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते, आणि तुलना उघडपणे न करताच ती केली जाते. अलंकारशास्त्रात याला व्यंजना म्हणतात. तिचा परिणाम मोठा असतो हे खरे, पण ज्या शेजाऱ्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्याविषयी ती वापरताना माझा हात अडखळतो.

हे सगळे शब्द उपलब्ध असूनही ते पत्रकाला, फलकाला किंवा भाषणाला लावून पाहण्याची सवय आपल्याला लागली नाही, याचे कारण शाळेत आहे असे मला वाटते. अलंकार ‘ओळखा’ म्हणून शिकवले गेले, तेही फक्त कवितेत आणि एका गुणासाठी. कन्नड माध्यमातली मुलेही तेच उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती त्याच संस्कृत नावांनी शिकतात, त्यामुळे या एका विषयात दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांना दुभाषाची गरज पडू नये.

काही वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या एका गावात शालेय वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी बसलो होतो. गुणांच्या छापील तक्त्यात चार रकाने होते: पाठांतर, आवाज, हावभाव, वेळ. सातवीतला एक मुलगा सीमाप्रश्नावर बोलला. त्याने हात वर केला नाही, आवाज चढवला नाही, मध्ये एकदा तो अडखळलाही. पण महाजन अहवालातला एकच आकडा घेऊन त्याने तीन मिनिटे तोच मुद्दा न सोडता समोरच्यांना विचारात पाडले. चार रकान्यांत त्याला देण्यासारखे फारसे काही नव्हते. मी तक्त्याच्या कडेला पेनाने पाचवा रकाना आखला, वर ‘रोख’ असे लिहिले आणि त्याला दहापैकी नऊ दिले. आयोजकांनी बेरीज करताना तो रकाना धरला नाही. पुढच्या वर्षीच्या तक्त्यातही चारच रकाने होते.