कणा नंतर आला

परीक्षेच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'समपृष्ठरज्जू प्राणी म्हणजे पाठीचा कणा असलेले प्राणी.' पाठ करायला सोपं आहे, पण चूक आहे. कणा असलेले सगळे प्राणी समपृष्ठरज्जू संघात येतात हे खरं. मात्र या संघात, म्हणजे प्राण्यांच्या या मोठ्या गटात, बसण्यासाठी कणा लागत नाही, लागतो तो पृष्ठरज्जू, म्हणजे नोटोकॉर्ड: पाठीच्या बाजूने लांबीला जाणारी, ताठ पण वाकणारी दांडी. आणि तोही जन्मभर असावा लागत नाही. भ्रूणात किंवा अळीच्या अवस्थेत काही काळ असला तरी भागतं.

याचं सगळ्यात मासलेवाईक उदाहरण म्हणजे सी-स्क्वर्ट. पाठ्यपुस्तकात 'हर्डमानिया' हे नाव वाचलं असेल, ते याच कुळातलं. समुद्रातल्या खडकाला नाहीतर जहाजाच्या बुडाला चिकटलेली एक थैली, तिला दोन तोंडं. एका तोंडातून पाणी आत घ्यायचं, गाळून अन्न ठेवून घ्यायचं आणि दुसऱ्या तोंडातून पाणी सोडून द्यायचं. डोकं नाही, डोळे नाहीत, जागचं हलणं नाही. अंगावरच्या आवरणात तर सेल्युलोज असतं, जे आपण वनस्पतींची मिरास समजतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्राण्यांना शिंपल्या-कालवांच्या गोतावळ्यात बसवलं जायचं, आणि बघणाऱ्याला त्यात वावगं काही वाटण्यासारखं नव्हतं.

१८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन भ्रूणशास्त्रज्ञाने त्यांच्या अंड्यांची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहिली. अंड्यातून बाहेर पडली ती बेडूकमाशासारखी शेपटीवाली, पोहणारी अळी. शेपटीच्या मधोमध पृष्ठरज्जू आणि त्याच्या वरच्या अंगाला पोकळ चेतारज्जू, म्हणजे चेतासंस्थेची मुख्य दोरी. हा नकाशा कालवाचा नव्हे, माशाचा. डार्विनने १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवर लिहिताना या शोधाची दखल घेतली. ही अळी थोडा काळ पोहते, डोक्याच्या बाजूने कुठेतरी चिकटते आणि शेपटी, पृष्ठरज्जू सगळं शरीरात जिरवून टाकते. 'हा प्राणी स्वतःचा मेंदू खातो' असं वाक्य समाजमाध्यमांवर फिरत असतं आणि त्यावर विनोदही होतात. अळीची चेतासंस्था बरीचशी मोडीत निघते, यात खोटं नाही. पण प्रौढासाठी नवी चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा गुच्छ, तयार होते, हा भाग विनोदात बसत नाही म्हणून गाळला जातो.

संघाची बाकीची लक्षणंही याच धर्तीची आहेत. चेतारज्जू पाठीकडे आणि आतून पोकळ. घशाच्या भिंतीत कल्लविदरं, म्हणजे कल्ल्यांच्या फटी. गुदद्वाराच्या मागे शेपटी. माणसाच्या भ्रूणात ही सगळी लक्षणं कधी ना कधी, निदान खुणेपुरती, दिसतात. म्हणून 'माणसाच्या गर्भाला कल्ले असतात' असं मात्र म्हणू नये. घशाशी असतात त्या खाचा आणि पिशव्या. पहिल्या पिशवीपासून मधला कान आणि कानाला घशाशी जोडणारी नळी तयार होते, पुढच्या काहींपासून थायमस आणि पॅराथायरॉइड ग्रंथी. त्यांतून श्वास कधीच घेतला जात नाही.

'पाठीकडे' या शब्दात एक गंमत दडलेली आहे. गांडुळाची किंवा झुरळाची मुख्य चेतारज्जू पोटाकडे असते आणि हृदय पाठीकडे. आपलं नेमकं उलट. १८२२ साली जोफ्रुआ सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने लॉबस्टर उताणा केला की त्याची आतली मांडणी पृष्ठवंशीयांसारखी दिसते, असं मांडलं आणि पुष्कळ टीका ओढवून घेतली. १९९०च्या दशकात जनुकांनी त्याची बाजू घेतली. फळमाशीत पोटाची बाजू ठरवणारं जनुक बेडकाच्या भ्रूणात कामाला लावलं, तर ते तिथे पाठीची बाजू घडवतं. आपल्या पूर्वजांच्या वंशात कधीतरी शरीर उलटं झालं असावं.

आता पृष्ठरज्जूकडे वळतो, कारण खरा जीव तिथेच अडकला आहे. सायोना नावाच्या सी-स्क्वर्टच्या अळीत पृष्ठरज्जू बरोबर ४० पेशींचा असतो. आधी या पेशी चादरीसारख्या पसरलेल्या असतात. मग त्या एकमेकींच्या मधे घुसतात आणि शेवटी एकामागे एक अशी एकेरी रांग लागते. पेशींची संख्या वाढत नाही, तरी रुंदीची लांबी होते. नंतर पेशींच्या दरम्यान द्रवाचे छोटे कप्पे तयार होतात, ते एकमेकांना मिळतात आणि द्रवाने भरलेली सलग नळी बनते.

माशांनी हेच काम वेगळ्या पद्धतीने साधलं. झेब्राफिशच्या पारदर्शक भ्रूणात एका दिवसातच पृष्ठरज्जूच्या पेशी द्रवाच्या मोठ्या पोकळ्यांनी फुगलेल्या दिसतात. बाहेरून कोलॅजेनचं घट्ट वेष्टण असतं. आतून पेशी दाब देतात, वेष्टण त्यांना पसरू देत नाही, आणि ढिली सायकलची ट्यूब हवा भरल्यावर ताठ होते तशी ही मऊ पेशींची माळ ताठ होते. हाड नाही, कूर्चा नाही, आधार द्रवाच्या दाबाचा. असा ताठपणा कशाला हवा? शरीराच्या एका बाजूचे स्नायू आखडले, तर आधार नसलेलं शरीर नुसतं आखूड होईल. मधे आखूड न होणारी पण वाकणारी दांडी असली की शरीर त्या बाजूला वळतं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, झालं पोहणं. वाळूत रुतून राहणाऱ्या अँफिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याने तर कमालच केली आहे. त्याचा पृष्ठरज्जू चपट्या स्नायुपेशींचा आहे, त्यामुळे दांडीचा ताठपणा त्याला कमीजास्त करता येतो. ही दांडी पार नाकाडाच्या टोकापर्यंत, मेंदूच्याही पुढे जाते.

पृष्ठरज्जूचं दुसरं काम मला पहिल्याहून मोठं वाटतं. तो वरच्या पेशींना हुकूम देतो. हुकूम म्हणजे एक प्रथिन, नाव सॉनिक हेजहॉग. व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून हे नाव दिलं आणि ते टिकलं. पृष्ठरज्जूच्या अगदी वर चेतानलिका असते, म्हणजे भ्रूणातली ती नळी जिचा पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होतो. प्रथिन खालून वर झिरपतं, म्हणजे तळाशी त्याचं प्रमाण जास्त आणि वर जावं तसं कमी. चेतानलिकेतली प्रत्येक पेशी आपल्यापर्यंत किती प्रथिन पोचलं आणि किती वेळ पोचत राहिलं यावरून आपण काय व्हायचं ते ठरवते. सगळ्यात खालच्या पेशींचा तळपट्टा होतो. त्याच्या लगत वर एनकेएक्स-२.२ हे जनुक चालू होतं, त्याच्या वर ओलिग-२, आणि त्या ओलिग-२च्या पट्ट्यातून पुढे स्नायूंना हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशी निघतात. आणखी वर पॅक्स-६ जोरात असतं. पॅक्स-६ आणि एनकेएक्स-२.२ एकमेकांना दाबतात, म्हणून हळूहळू उतरत जाणाऱ्या प्रमाणातूनही स्पष्ट सीमारेषा उमटते. कोंबडीच्या भ्रूणात पृष्ठरज्जूचा जादा तुकडा चेतानलिकेच्या बाजूला लावला, तर तिथेही तळपट्टा आणि प्रेरक चेतापेशी उगवतात. जनुकांची नावं विसरलात तरी चालेल, हा कोंबडीचा प्रयोग विसरू नका.

हेच प्रथिन आजूबाजूच्या पेशींनाही गाठतं. त्यांतल्या काही पृष्ठरज्जूभोवती गोळा होतात आणि तिथे आधी कूर्चेचे व मग हाडाचे मणके तयार होतात. म्हणजे जो कणा पृष्ठरज्जूची जागा घेतो, त्याला बोलावणं पृष्ठरज्जूच धाडतो. मणके वाढतात तसा तो त्यांच्या आतून नाहीसा होतो आणि दोन मणक्यांमधल्या गादीत उरतो. गादीच्या गाभ्यातला तो जेलीसारखा मऊ भाग पृष्ठरज्जूचा वारस. उंदरांत पेशींना खूण करून हा वारसा तपासलेला आहे. 'मणक्यात गॅप आली' किंवा 'गादी सरकली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा मणका हललेला नसतो, गादीची बाहेरची कडी फाटून हा गाभा बाहेर डोकावत असतो आणि चेतातंतूला टोचत असतो. पाठीवर एक झटका देऊन 'गादी जागेवर बसवली' असं सांगणाऱ्यांच्या व्हिडिओंना लाखो लोक पसंती देतात. फाटक्या कडीतून आलेला गाभा आवाज काढून मागे जात नाही.

वर्गीकरणाचं थोडक्यात सांगतो. संघाचे तीन उपसंघ: पुच्छसमपृष्ठरज्जू म्हणजे सी-स्क्वर्टची मंडळी, शीर्षसमपृष्ठरज्जू म्हणजे अँफिऑक्सस, आणि पृष्ठवंशीय. रूपावरून वाटतं की माशासारखा दिसणारा अँफिऑक्सस आपल्याला जवळचा. २००६ साली बऱ्याच जनुकांची तुलना झाली तेव्हा जवळची निघाली ती थैली. पृष्ठवंशीयांतही कणा हीच एकमेव कसोटी धरली तर हॅगफिश हा जबडा नसलेला मासा अडचण करतो. त्याला कवटी आहे, पण मणके जवळजवळ नाहीत, शेपटीकडे त्यांचे फक्त अवशेष सापडतात. चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन हे वर्ग शिकायला ठीक आहेत, पण वंशवृक्षावर ते तसेच्या तसे बसत नाहीत. पक्षी सरीसृपांच्याच एका फांदीवर आहेत, सुसरीला सरड्यापेक्षा कावळा जवळचा आहे आणि फुफ्फुसमासा सामन माशापेक्षा आपल्याला जवळचा.

शेवटचं लक्षण शेपटीचं. 'वापर नव्हता म्हणून माणसाची शेपूट झिजली' हे उत्तर अजूनही ऐकू येतं. वापरलं नाही म्हणून एखादा अवयव झिजला, तरी ती झीज पुढच्या पिढीत उतरत नाही. १९२७ साली आखूड शेपटीच्या उंदरांत एका बदललेल्या जनुकाचं वर्णन झालं. त्याला ब्रॅकियुरी म्हणतात. बदललेली एकच प्रत मिळाली तर शेपटी आखूड, दोन्ही मिळाल्या तर पृष्ठरज्जू नीट घडत नाही आणि पिल्लू गर्भातच मरतं. २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार माणूस आणि चिंपांझी-गोरिलासारखे इतर बिनशेपटीचे वानर यांच्या पूर्वजात याच जनुकात एक 'आलू' तुकडा, म्हणजे स्वतःच्या नकला डीएनएमध्ये जागोजागी घुसवणारा छोटा तुकडा, घुसला. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. हा तुकडा जनुकातल्या दुसऱ्या एका जुन्या 'आलू' तुकड्याशी जोडी जुळवतो आणि त्यामुळे मधला एक भाग वाचताना गाळला जातो. उंदरांत असं गाळलेलं रूप घडवल्यावर काहींना शेपटीच आली नाही, काहींना आखूड आली, आणि काहींत चेतानलिका नीट मिटली नाही.

एखादं बाळ शेपटीसारखं काही घेऊन जन्मलं की कुठे अवतार म्हणून हात जोडले जातात, कुठे शाप म्हणून नजर फिरवली जाते. बहुतेक वेळा त्यात हाड नसतं, कातडी, चरबी आणि थोडे स्नायू असतात. मात्र कधीकधी खाली मेरुरज्जूची रचना बिघडलेली असते, म्हणून नमस्कारापेक्षा पाठीचा एमआरआय आधी करावा आणि तो पाहिल्याशिवाय ती 'शेपटी' कापायची घाई करू नये.