टीबीचा थकवा आणि डिप्रेशन: गल्लत नेमकी कुठे होते

खोकला, बारीक ताप, रात्रीचा घाम यांवरून कुणी गोंधळत नाही, ते सोडून देऊ. घोळ होतो तो झोप उडणं, भूक मरणं आणि अंगात त्राण नसणं यांवरून, कारण ही लक्षणं टीबीतही असतात आणि डिप्रेशनमध्येही. त्यात भर म्हणून घरचे सांगतात, "एवढा आजार झालाय, उदास असणारच." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. उलट टोकाचेही आहेत, जे अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाला डिप्रेशनचा शिक्का मारून मोकळे होतात.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन चाचपायची नेहमीची प्रश्नावलीच घ्या. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि एकूण १० किंवा त्याहून जास्त झाले की सहसा डिप्रेशनची शंका घेतात. झोप, थकवा, भूक या तीन प्रश्नांतच टीबीच्या रुग्णाचे ९ गुण होऊ शकतात! म्हणून टीबीत मी या तिघांवर भिस्त ठेवत नाही. पहिले दोन प्रश्न बघा: कशात रस उरलाय का, आणि मन सतत उदास, हताश असतं का.

खरा फरक तिथेच आहे. थकलेल्याला करावंसं वाटतं, अंग साथ देत नाही. डिप्रेशनमध्ये करावंसंच वाटत नाही. नातवाचा फोन आला की पहिला दोन वाक्यांत धापा टाकतो, पण "उद्या कर रे परत" म्हणतो. दुसरा मात्र फोन हाताशी असूनही तो नुसता वाजू देतो. "माझ्यामुळे सगळ्यांना ताप", "मी नसलेलाच बरा" हे थकव्याचं बोलणं नव्हे. असं काही कानावर आलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

वेळही बरंच सांगून जाते. औषधं लागू पडली की साधारण काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक परत येते. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह, वजन वाढलेलं आणि माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला, तर खापर टीबीवर फोडू नका. असाच माणूस डोस चुकवू लागतो.

तिसरा संशयित म्हणजे औषध. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं सायक्लोसेरिन डिप्रेशन आणू शकतं, भासही होऊ शकतात. (गंमत म्हणजे १९५० च्या दशकात टीबीवरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनं उल्हसित झाली आणि डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांपैकी एक हाती लागलं.) गोळी सुरू झाल्यावर स्वभाव पालटला तर "मन घट्ट कर" हा सल्ला निरुपयोगी आहे. डॉक्टरांना सांगा, पण गोळी परस्पर बंद करू नका.

डिप्रेशनवर उपचार टीबीचा कोर्स चालू असतानाही होतात. फक्त टीबीच्या नेहमीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिनमुळे डिप्रेशनच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतल्या लिनेझोलिडसोबत डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना टीबीच्या गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. "टीबीचा कोर्स चालू आहे" एवढ्याने भागत नाही.