हिल्टन हेडवर गोल्फच्या आधी ‘नुसतं जंगल’ होतं का?

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या हिल्टन हेड बेटाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: ‘इथे पूर्वी कोणी राहतच नव्हतं, जंगल साफ करून गोल्फ कोर्स आणि गेटबंद वसाहती उभ्या केल्या.’

असा समज होणं साहजिक आहे. 1956 साली मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला, मग वसाहती आल्या. तेव्हा बेटाचा बराच भाग खरोखरच झाडीखाली होता. पण त्यातलं पुष्कळ रान जुन्या मळ्यांवर माजलेलं.

अमेरिकेतल्या गृहयुद्धाआधी इथे गुलामांच्या श्रमावर लांब धाग्याचा कापूस पिकायचा. नोव्हेंबर 1861 मध्ये उत्तरेकडच्या राज्यांच्या सैन्याने बेट घेतलं आणि मळेवाले पळाले. 1862 मध्ये मुक्त झालेल्या गुलामांचं मिचेलव्हिल गाव वसलं. ‘गला’ म्हणून ओळखले जाणारे त्यांचे वंशज पूल होईपर्यंत इथे शेती आणि मासेमारी करत होते. आजही बेटावर आहेत.

पडताळायचं असेल तर सी पाइन्स वसाहतीच्या आतच स्टोनी-बेनार्ड मळ्याचे अवशेष आहेत. भिंतीजवळ जाऊन बघा, शिंपल्यांच्या चुन्यात कालवांचे अख्खे शिंपले रुतलेले दिसतात. हार्बर टाउनच्या गोल्फ मैदानालगत ब्रॅडॉक्स पॉइंटची गला दफनभूमी आहे. (नुसत्या जंगलात दफनभूमी कुठून येणार?) कागदच हवे असतील तर 1860 च्या जनगणनेतली गुलामांची यादी काढा. तीत मालकाचं नाव असतं, गुलामांचं बहुतेक फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यांची नावं 1870 च्या जनगणनेत शोधावी लागतात.